मदत हवी आहे : डावा गुडघा बदललेल्या अण्णांना जावा मोटारसायकलवर परत बसवायचं आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही कोल्हापुरातले अकरा जण. पाच जावा-येझदी, चार जुन्या बुलेट, दोन राजदूत. अध्यक्ष-सचिव असलं काही नाही. महिन्यातल्या एका रविवारी पहाटे साडेपाचला रंकाळ्यावर जमायचं आणि पन्हाळा, जोतिबा किंवा गगनबावडा, ठरेल तिकडे जायचं. वाटेत मिसळ, चहा आणि गाड्यांच्या गप्पा. जुलैच्या दुसऱ्या रविवारी, म्हणजे जावा-येझदी दिनाला, भर पावसातही निघतो. सगळ्यात हळू गाडी पुढे हा आमचा एकच नियम, आणि तो अण्णांनी घालून दिलेला.

अण्णा ७४ वर्षांचे. उद्यमनगरात, म्हणजे इथल्या वर्कशॉपच्या वस्तीत, त्यांचा लेथ होता. गाडी १९६९ ची, म्हैसूरच्या कारखान्यातली जावा २५०, त्यांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेली. मी चालवतो ती वडिलांची येझदी रोडकिंग. दोन वर्षांपूर्वी ती कळे गावाच्या पुढं अचानक बंद पडली. अण्णांनी इंजिनाचं बाजूचं कव्हर उघडलं, सिगारेटच्या पाकिटातल्या चंदेरी कागदाची पट्टी फाडून ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या पॉइंटमध्ये धरली आणि मला इंजिन हळूहळू फिरवायला सांगितलं. कागद ज्या क्षणी सुटला तिथं बोटानं खूण केली. "कान लाव, हात लाव, मग पाना लाव," एवढंच बोलले. दुसऱ्या किकला गाडी चालू. ती कागदाची पट्टी अजून माझ्या टूलकिटमध्ये आहे.

गेल्या वर्षी त्यांच्या डाव्या गुडघ्याची वाटी बदलली. डॉक्टरांनी आता गाडी चालवायला हरकत नाही म्हटलंय, पण किक मारायची नाही असं बजावलंय. ज्यांनी जावा चालवली आहे त्यांना कळेल : किक डावीकडे, आणि तोच दांडा आत दाबून फिरवला की किक, जागेवर आणला की गिअर. म्हणजे सगळा भार त्याच पायावर.

आम्ही म्हटलं, किक आम्ही मारू. पहिल्या वेळी ते आले. पण वाटेतल्या गर्दीत गाडी दोनदा बंद पडली, दोन्ही वेळा कुणीतरी उतरून किक मारली, मागून हॉर्न वाजले. पन्हाळ्यावर ते नेहमीसारखे बोलले नाहीत. त्यानंतर तीन सहलींना आलेच नाहीत. कारमधून चला म्हटलं तर म्हणाले, "पाहुणा म्हणून नको."

त्यात आता आरसीची, म्हणजे गाडीच्या नोंदणीची, मुदत संपतेय. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण लागतं. मुलाचं म्हणणं, यंदा विंटेज नोंदणी करू आणि गाडी हॉलमध्ये ठेवू. मुलगा वडिलांच्या काळजीनंच बोलतोय, पण मला ते पटत नाही.

तर मदत अशी हवी आहे. गुडघा बदलल्यावर जावा किंवा येझदी चालवणारं तुमच्या माहितीत कुणी आहे का? साइडकार लावून काही साधेल का? आणि विंटेज नोंदणी केली तर रविवारी गाडी बाहेर काढता येते का? दसऱ्यानंतरच्या रविवारी गगनबावडा ठरलाय, पंचावन्न किलोमीटर. तेव्हा अण्णा पुढं हवेत.

प्रतिसाद :

विंटेज नोंदणीची घाई करू नका. २०२१ च्या नियमानुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीला ती मिळते, फी वीस हजार, मुदत दहा वर्षं. पण मग गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच. तुमची रविवारची मिसळ त्यात बसवणं कठीण. साधं नूतनीकरणच करा.

साइडकारचं म्हणाल तर जावा मूळ जिथली, त्या चेकोस्लोव्हाकियात तिला वेलोरेक्सची साइडकार लावत, पण तिकडं वाहतूक उजवीकडून, म्हणून साइडकार उजवीकडे आणि डावी किक मोकळी. आपल्याकडं ती डावीकडे येणार, नेमकी किकच्या आड. शिवाय असा बदल करायला आरटीओची आधी परवानगी लागते.

जुन्या बुलेटला किक आणि गिअर दोन्ही उजव्या पायाला असतात, डाव्याला फक्त मागचा ब्रेक. तुमच्यात चार आहेत, एकदा मोकळ्या मैदानात बसवून बघा. किक मारायला कुणीतरी लागेलच, पण गिअर तरी चांगल्या पायावर येईल.

आणि एक. नुसत्या अण्णांना सोबती देऊ नका, सगळ्यांच्या जोड्या लावा. ज्याची गाडी बंद पडेल त्याला जोडीदार किक मारून देणार, मग तो पंचविशीतला का असेना.

धागाकर्त्याचा प्रतिसाद :

मनापासून आभार. जोड्यांचं आमच्या कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. अकराजण असल्यानं एक जोडी तिघांची झाली. अण्णा माझ्याबरोबर.

रविवारी मैदानात बुलेटवर बसवलं. पहिल्या फेरीत डावा पाय सवयीनं गिअर शोधत होता आणि ब्रेक दाबला जात होता. तिसऱ्या फेरीला नीट जमलं. उतरल्यावर टाकीवर हात ठेवून म्हणाले, "गाडी गुणी आहे. पण हिचा आवाज मला ओळखीचा नाही." मग त्यांची जावा मेनस्टँडवर घेतली, मी किक मारली. अण्णांनी स्क्रू-ड्रायव्हर मागून घेतला आणि ती आपोआप बंद पडणार नाही इतपत आयडलिंग वाढवलं. दहा मिनिटं ती तशीच चालू ठेवून ऐकत उभे होते.

नूतनीकरणाचा अर्ज करायला मुलगा तयार झालाय. खंडेनवमीला दरवर्षीप्रमाणे सगळ्या गाड्या त्यांच्याच अंगणात लागतील, झेंडूच्या माळा तिथंच घालू.

पायानं गिअर वर उचलताना मात्र त्यांना अजून दुखतं. तो दांडा किकचाही असल्यानं त्याला काही जोडायची मला भीती वाटते. कुणी असा बदल करून घेतला असेल तर फोटोसह सांगा, घडवून द्यायला उद्यमनगर आहेच.