विषय: शेपूच्या आजींचा अंत्यविधी आणि पुष्पचक्र (तातडीचे)

प्रेषक: सचिव
सप्रेम नमस्कार. कॅनडातल्या एल्मायराच्या शेतावरच्या, मंडळाला भाजी देणाऱ्या आपल्या शेपूच्या आजी मंगळवारी पहाटे गेल्या, असे त्यांच्या सुनेने काल भाजीच्या टपरीवर सांगितले. अंत्यविधी शुक्रवारी सकाळी आहे. मंडळातर्फे मोठे पुष्पचक्र सांगितले आहे. आजींचा चांगला फोटो कोणाकडे असल्यास आज रात्रीपर्यंत पाठवावा, दिवाळी अंकात छापता येईल.

प्रेषक: माजी अध्यक्षा
पुष्पचक्र कृपया आजच रद्द करा. आजी ज्या ख्रिस्ती पंथाच्या, त्या जुन्या वळणाच्या मेनोनाइटांच्या अंत्यविधीत फुले नसतात आणि शवपेटीही साधी लाकडी असते. ज्या बाई जन्मभर फोटोसाठी उभ्या राहिल्या नाहीत, त्यांचा फोटो त्यांच्या माघारी छापणे मला मुळीच पटत नाही.
आजोबा गेले तेव्हा मी गेले होते. प्रार्थनागृहात स्त्रिया एका बाजूला आणि पुरुष दुसऱ्या बाजूला बसले होते, वाद्य कुठलेही नव्हते, उपदेश जर्मनमधून झाला आणि दफन शेजारच्याच जागेत झाले. गाईंच्या धारा काढण्यापासून आलेल्यांच्या जेवणापर्यंत सगळी कामे शेजाऱ्यांनी परस्पर उचलली होती. आपल्याकडे सुतकाच्या घरी शेजारी पिठलंभात पोचवतात, तसे तिथे मनुकांचे ‘पाय’ (सारण भरून भाजलेला गोड पदार्थ) येत होते.

प्रेषक: खजिनदार
ताईंचे म्हणणे मान्य आहे, परंतु फुलवाल्याला दिलेली आगाऊ रक्कम परत मिळणार नाही, आणि हा खर्च कार्यकारिणीला विचारून झालेला नाही, याची नोंद व्हावी. दुसरे असे की, मागच्या अंकात आजींना आमिश म्हटले गेले, त्याची दुरुस्ती मी दोनदा मागितली आहे. आमिश हा पंथ मेनोनाइटांसारख्याच लोकांतून 1693 च्या सुमारास वेगळा झाला. आजींचे यजमान आमिश पुरुषांसारखी दाढी राखत नसत, एवढ्यावरूनही फरक कळायला हवा होता.

प्रेषक: भाजी समिती
खजिनदारसाहेब, दुरुस्ती अवश्य छापू, पण आज नको.
ऋषिपंचमीच्या भाजीला बैलाच्या कष्टाचे काही चालत नाही, हे मी पहिल्या वर्षी आजींना अडखळत सांगितले, तेव्हा त्यांनी एकही प्रश्न न विचारता परसातला एक वाफा स्वतः कुदळीने खणून आपल्यासाठी राखून ठेवला. पुढे घोड्याच्या नांगराचे चालते का, यावर आपण या ईमेल-यादीवर आठवडाभर वाद घातला. आजी मात्र दरवर्षी त्याच वाफ्यात भेंडी, भोपळा आणि माठ लावत राहिल्या. माठाचे बी माझ्या सासूबाईंनी साताऱ्याहून आणलेले होते. आठवीनंतर शाळा सुटलेल्या, नऊ मुलांच्या आई असलेल्या त्या बाईंनी बियांच्या पुडीवर आपल्या अक्षरात ‘माट’ असे लिहून ठेवले होते. रविवारी टपरी बंद असे, आणि गणपती रविवारी आले तर भाजी शनिवारी संध्याकाळीच बांधून तयार असे.

प्रेषक: एक सभासद (मूळ नागपूर)
आजींनी मला एकदा विचारले होते की, छत्तीसगडमधले धमतरी माझ्या गावाहून किती लांब आहे. 1899 साली दुष्काळानंतर अमेरिकेतले मेनोनाइट तिथे मिशन काढायला आले, तेव्हा धमतरी आमच्याच मध्य प्रांतात होते. चक्राऐवजी मेनोनाइट सेंट्रल कमिटीला देणगी द्यावी, असे मी सुचवतो. भुकेल्यांना अन्न पोचवण्यासाठीच ती 1920 साली उभी राहिली.

प्रेषक: माजी अध्यक्षा
देणगी चांगलीच, पण तिचा गाजावाजा नको. त्यांच्यातले बरेच जण सरकारी पेन्शन किंवा आरोग्य विमा घेत नाहीत, दवाखान्याचा खर्च समाजच वाटून घेतो. तेव्हा आधी सुनेला विचारावे की, कुठे गरज आहे.

प्रेषक: सचिव
चक्र रद्द केले असून आगाऊ रक्कम मी स्वतः भरतो. फोटो छापणार नाही. उद्या सुनेला भेटून देणगीचे विचारतो. दोनच गाड्या न्याव्यात, सकाळी 8 वाजता निघू, कपडे साधे असावेत. भाजी समितीच्या ताईंनी माठाच्या बियांची पुडी सुनेकडे मागावी का, हे मात्र त्यांनीच ठरवावे.

प्रेषक: भाजी समिती
मी मागणार नाही. वाफा या वर्षीही खणलेला आहे, मी गेल्या शनिवारी पाहिला.