हरणांचा तो प्रायॉनचा रोग जमिनीतून कसा काय पसरतो?

पहाटफेरी (बोरिवली पूर्व)

नमस्कार मंडळी. भाच्याने विस्कॉन्सिनहून घरच्या ग्रुपवर एक व्हिडिओ टाकलाय. हाडं निघालेलं हरीण, कान पडलेले, तोंडाला लाळ, माणूस चार पावलांवर आला तरी ढिम्म. भाच्याच्या मित्राने मारलेल्या हरणाचं मांस याच्या फ्रीजरमध्ये आहे आणि तपासणीचा निकाल अजून यायचाय. त्यामुळे आमच्या ताईचा जीव खालीवर.

मी रोज सकाळी नॅशनल पार्कात चालायला जाते. तिथे एक आजोबा पिशवीभर शिळ्या पोळ्या आणतात आणि चितळांचा अख्खा कळप एका झाडाखाली तोंडाला तोंड लावून खातो. त्यातलं एक हल्ली फारच वाळलंय. व्हिडिओ पाहिल्यापासून माझी नजर त्याच्यावरून हटत नाही.

नेटवर वाचलं की या रोगाला क्रॉनिक वेस्टिंग डिसीज म्हणतात आणि तो प्रायॉनमुळे होतो. प्रायॉन म्हणजे जंतू नाही, विषाणू नाही, नुसतं प्रथिन आहे, आणि ते मातीत वर्षानुवर्षं राहतं. अहो, प्रथिन तर डाळीतही असतं! ते एका जनावराकडून दुसऱ्याला लागतं कसं? जाणकारांनी जरा सोपं करून सांगावं.

चर्नी_रोड_स्लो

मॅड काउच ना हे? इंग्लंडात गाईंना गाईंच्याच हाडामांसाची पूड खायला घातली, म्हणून झालं होतं. अमेरिकेतही हरणांच्या खाद्यात कोणीतरी तसलंच काही मिसळलं असणार. आपण शाकाहारी लोक निवांत.

पॅराफिन

चर्नी रोड, गाईंचं बरोबर सांगितलंत, हरणांचं नाही.

मी डॉक्टर नव्हे. परळला जनावरांच्या पॅथॉलॉजीत टेक्निशियन होतो, आता निवृत्त. पिसाळलेल्या कुत्र्याचं डोकं यायचं. मेंदूतला हिप्पोकॅम्पस काढायचा, काचपट्टीवर ठसा घ्यायचा, सेलर्सचा रंग द्यायचा आणि निग्री बॉडी, म्हणजे रेबीजची खूण, शोधत बसायचं. पेशीत किरमिजी ठिपके दिसले की साहेबांना हाक. उरलेला मेंदू फॉर्मॅलिनच्या बरणीत. फॉर्मॅलिन नीट मुरलं की रेबीजचा विषाणू मेला, मग तो तुकडा हाताळायला धास्ती नाही.

प्रायॉनला फॉर्मॅलिन मारत नाही. १९३० च्या दशकात स्कॉटलंडमध्ये लूपिंग इल नावाच्या आजारावर मेंढ्यांसाठी लस केली होती. मेंढ्यांचाच मेंदू आणि पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू वाटून, वर फॉर्मॅलिन घालून. ज्या मेंढ्यांचे अवयव घेतले त्यांच्यातल्या काहींत स्क्रेपी दबा धरून होता. स्क्रेपी म्हणजे मेंढ्यांचा प्रायॉनरोग, युरोपात अठराव्या शतकापासून माहीत असलेला. लस टोचलेल्या शेकडो मेंढ्या दोनेक वर्षांनी कुंपणाला अंग घासत मेल्या. विषाणू असता तर त्या फॉर्मॅलिनमध्ये संपला असता.

आता डाळीचं. हे विशिष्ट प्रथिन सगळ्या सस्तन प्राण्यांच्या मज्जापेशींवर असतंच. रोगात त्याची घटकद्रव्यं तीच राहतात, फक्त घडी चुकते. आणि चुकलेल्या घडीचं प्रथिन शेजारच्या धडक्या प्रथिनाला आपल्यासारखं वळवतं. विरार लोकलच्या दारात एक जण आडवा उभा राहिला की मागचे सगळे आडवेच उभे राहतात, तसं. यात डीएनए-आरएनए नसल्यामुळे ते मोडून जंतू मारायचे आपले नेहमीचे उपाय इथे लंगडे पडतात. डाळीचं प्रथिन पोटात पचून जातं, हे मात्र पाचकरसालाही पूर्ण दाद देत नाही. स्टॅनली प्रुसिनर या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९८२ मध्ये हे मांडलं तेव्हा भल्याभल्यांनी नाकं मुरडली होती. १९९७ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

आमच्याकडे शिकवायला परदेशातून आलेली स्क्रेपीची एक जुनी स्लाइड होती. गुलाबी पट्ट्यात पांढरी, गोल भोकं. बाकी काही नाही. रेबीजच्या मेंदूत रक्तवाहिन्यांभोवती रक्तातल्या पांढऱ्या पेशी गोळा झालेल्या दिसतात, इथे ती गर्दीच नाही. शरीराला आत शत्रू शिरलाय हे कळतच नाही, कारण प्रथिन घरचंच.

पसरण्याचं म्हणाल तर प्रत्येक प्रायॉनरोगाची वाट वेगळी आहे, आणि लोक सगळे एकाच पोत्यात भरतात. गाईंमध्ये ते मुख्यतः मेंदू, कणा आणि नसांत साचतं. म्हणून शेजारी बांधलेल्या गाईला एरवी लागत नाही, तो मेंदू-कणा दळून खाद्यात घातला तरच लागतं. इंग्लंडात १९८६ ला रोग ओळखला, १९८८ ला गुराढोरांना ती पूड घालायला बंदी आली, तरी एकूण १ लाख ८० हजारांवर गाई गेल्या. त्याच काळात तिथल्या प्राणिसंग्रहालयांतले चित्ते, कुडू-न्यालासारखी आफ्रिकन जनावरं आणि घरची मांजरंसुद्धा खाण्यातूनच त्यात सापडली.

हरणांत ते टॉन्सिल, लसिकाग्रंथी आणि आतड्यातही साचतं. तिथून लाळ, लघवी आणि लेंड्यांतून बाहेर पडतं. लागण झाल्यापासून हरीण वाळायला दीड-दोन वर्षं जातात, आणि त्यातले कित्येक महिने ते धट्टंकट्टं दिसत चरतं आणि पसरवत राहतं. व्हिडिओतलं हरीण शेवटच्या टप्प्यातलं. मला काळजी त्याची नाही, त्याच्या शेजारी तजेलदार दिसणाऱ्याची वाटते.

आणि माती. चिकणमातीचे कण हे प्रथिन धरून ठेवतात आणि धरलेलं प्रथिन जास्त बाधक ठरतं, असं हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्यांवरच्या प्रयोगात दिसलं. हरणं मिठासाठी माती चाटतात, आलं का लक्षात? हा रोग १९६७ मध्ये कोलोराडोतल्या फोर्ट कॉलिन्सच्या संशोधन केंद्रात पहिल्यांदा दिसला. पुढे तिथे जनावरं काढून जमीन उकरली, क्लोरीन मारलं, वाडे काही काळ मोकळे ठेवले. नवी एल्क (तिथली मोठ्या जातीची हरणं) आणली, त्यांनाही झाला. नंतरच्या एका प्रयोगात मेलेलं हरीण कुजून पावणेदोन वर्षं झालेल्या कुंपणात निरोगी हरणं सोडली, त्यातल्याही काहींना लागण झाली. आइसलँडमध्ये तर मेंढ्यांच्या एका गोठ्यात स्क्रेपी १६ वर्षांनी परत आला.

पहाटफेरी (बोरिवली पूर्व)

बाप रे. पण मग आपल्या पार्कातली ती चितळं? आणि बिबटे तीच हरणं खातात, कुत्रीही खातात. आरेच्या तबेल्यातल्या म्हशींचं काय? (माझं दूध तिथूनच येतं, म्हणून विचारते.)

मुलुंड_चेकनाका

मावशी, भाच्यापुरतं मी सांगतो. कामानिमित्त काही वर्षं कोलोराडोत होतो. तिथले शिकारी हरणाचं डोकं तपासणीला देऊन येतात. मानेच्या वरच्या लसिकाग्रंथी किंवा मेंदूच्या देठाचा तुकडा काढून तपासतात. निकाल येईपर्यंत मांसाची पाकिटं फ्रीजरमध्ये, वर मार्करने नंबर. रोग निघाला तर खाऊ नका, हाच तिथल्या आरोग्यखात्याचा सल्ला. हरणांचा हा रोग माणसाला झाल्याची एकही पक्की नोंद नाही, पण मॅड काउमुळे १९९६ मध्ये माणसं दगावल्याचं उघड झालं, तेव्हापासून कोणी पैज लावत नाही. अनेक राज्यांत डोकं आणि कणा असलेलं धूड बाहेरून आणायलाच बंदी आहे. ताईंना सांगा, शिजवून, तळून, गोठवून हे जात नाही.

पॅराफिन

चेकनाकासाहेब, धुडाचं बरोबर बोललात. हा रोग हरणांच्या पायांनी जितका हळू चालतो तितकाच ट्रकने भरभर जातो. दक्षिण कोरियात तो कॅनडातून पाळायला आणलेल्या एल्कबरोबर पोचला, २००१ मध्ये सापडला. नॉर्वेत २०१६ ला जंगली रेनडिअरमध्ये निघाला, तेव्हा त्यांनी नॉर्डफ्येला या डोंगराळ भागातला दोन हजारांवर रेनडिअरचा कळपच संपवला. ऐकायला क्रूर वाटतं. पण जमीन एकदा दूषित झाली की हातात काही राहत नाही, हे त्यांनी अमेरिकेत पाहिलं होतं. मला त्यांचा निर्णय पटतो.

मावशी, भारतात एकाही हरणात हा रोग नोंदलेला नाही. हिमालयाच्या पायथ्याच्या मेंढ्यांत स्क्रेपी आढळल्याचं १९६१ मध्ये छापून आलं होतं, तो वेगळा. तुमचं चितळ वाळण्याला साधी कारणं ढीगभर आहेत: जंत, झिजलेले दात, पोटात प्लॅस्टिक. नर असेल तर माजाच्या दिवसांत खाणंपिणं सोडूनही वाळतो. शवविच्छेदनात रवंथाच्या पोटातून पिशव्यांचा पिळा निघाला की तो सोडवायला दोन माणसं लागायची, आणि आतल्या पिशवीवरचं दुकानाचं नावही वाचता यायचं. फाटकावरच्या वनरक्षकाला सांगा, जवळ जाऊ नका.

आजोबांच्या पोळ्या मात्र बंद करा. प्रायॉनच्या भीतीने नव्हे. क्षय म्हणा, जंत म्हणा, एका जागी तोंडं जमली की सगळ्यांचंच फावतं. शिवाय वन्यप्राण्यांना खाऊ घालायला तिथे मनाईच आहे. अमेरिकेतही जिथे हा रोग आहे तिथे हरणांसाठी मका टाकायला बऱ्याच राज्यांत बंदी आहे, ती याचसाठी.

कुत्र्यांच्या त्या प्रथिनाची ठेवणच अशी की त्यांना प्रायॉनरोग झाल्याचं आजवर दिसलेलं नाही. कोलोराडोत आजारी हरणांच्या वाड्यात गाई १० वर्षं ठेवल्या, एकीलाही लागण झाली नाही. तेव्हा आरेच्या दुधाचा चहा बिनघोर घ्या. बिबट्याचा भाऊबंद म्हणावा असा तिथला प्यूमा नेमकी आजारी हरणं जास्त मारतो असं आढळलंय. त्याच्या पोटात बहुतेक प्रायॉन नष्ट होतात, थोडे विष्ठेतून बाहेर पडतात. म्हणजे शिकारी प्राणी रोग आवरतात की थोडाफार पसरवतात, यावर अजून वाद आहे. माझं मत, आवरतात.

पहाटफेरी (बोरिवली पूर्व)

भाचा विचारतोय, मांस कापलेली सुरी टाकून द्यायची का?

पॅराफिन

स्टीलची असेल तर टाकायला नको. आधी घासून मांसाचा कण न कण काढायचा, मग दोन भाग घरातलं ब्लीच आणि तीन भाग पाणी यात पाच मिनिटं बुडवून ठेवायची. पृष्ठभागावरचं त्याने जातं. सुरीला मांसाचा तुकडा चिकटलेला राहिला तर त्याच्या आत ब्लीच शिरत नाही, म्हणून घासणं आधी. लाकडी मूठ आणि लाकडी पाट असेल तर मात्र सरळ फेकून दे म्हणावं.