मदत हवी आहे: कर्ज एआरसीला (थकीत कर्जं विकत घेणाऱ्या कंपनीला) विकलंय, सरफेसीची नोटीस आलीय, वकील कसा निवडायचा?

नमस्कार मंडळी, इचलकरंजीत आमचे लूम आहेत, बाबांनी बँकेकडून टर्म लोन आणि सीसी (कॅश क्रेडिट, खेळत्या भांडवलासाठीचं कर्ज) घेतलेलं, मंदीत हप्ते थकले, खातं एनपीए (थकीत कर्ज) झालं आणि बँकेने कर्ज एका एआरसीला विकून टाकलं. आता त्यांची सरफेसी कायदा २००२ (तारण मालमत्ता कोर्टात न जाता ताब्यात घेऊन वसुली करायचा कायदा) च्या कलम १३(२) ची नोटीस आलीय, ६० दिवसांची मुदत, त्यातले १९ गेले. बाबा रोज रात्री तो लिफाफा काढतात, वाचतात आणि परत कपाटात साड्यांखाली ठेवतात, बघवत नाही.

माझ्या वाचनाप्रमाणे १३(३अ) खाली लेखी हरकत घेता येते आणि त्यांनी १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यायचं असतं, पुढे ताबा घ्यायला आले तर कलम १७ खाली ४५ दिवसांत डीआरटीत (कर्जवसुली न्यायाधिकरणात) जायचं. पण खरी अडचण वेगळी आहे. तारण मालमत्तेत शेडसोबत गावाकडचा एक गटही लावलाय, सातबाऱ्यावर तो अजून शेतजमीनच आहे, दरवर्षी ऊस असतो. कलम ३१ मध्ये शेतजमिनीला सूट आहे ना? मग सातबारा आणि पीकपाहणी जोडली की पुरतं का अजून काही लागतं?

इथले वकील दिवाणीतले, चांगले आहेत पण हे काम त्यांचं नाही. पुण्यात डीआरटीचं काम रोज करणारं, एआरसीशी ओटीएसची (एकरकमी तडजोडीची) बोलणी केलेलं कोणी माहिती आहे का? फी कशी ठरवतात, टप्प्याटप्प्याने की एकरकमी? आणि असाइनमेंट डीडची (बँकेने कर्ज एआरसीच्या नावे केल्याच्या दस्ताची) कॉपी आधी मागावी का हरकतीसोबतच? स्वतः यातून गेलेल्यांनी प्लीज लिहा.