टीव्ही अडकतो म्हणून प्लॅन वाढवू नका

आंबेगावकर: कालच्या चर्चेत एकाने ठोकून दिलं, 'टीव्ही अडकतो? शंभर एमबीपीएस स्पीडचा प्लॅन सोडा, तीनशेचा घ्या.' हे वाचून गप्प बसवेना. नेटफ्लिक्स स्वतः सांगतं, फुल एचडीला ५ एमबीपीएस पुरतात, फोरकेला १५. शंभरच्या प्लॅनवर चकरी फिरत असेल तर आधी घरात बघा. फायबरवाला दारातून वायर आत घेतो, चपलांच्या कपाटावर राउटर टेकवून निघून जातो. टीव्ही दोन भिंतींपलीकडे. ५ गिगाहर्ट्झचं वायफाय वेगवान, पण भिंती लागल्या की दम तोडतं. २.४ भिंत ओलांडतं, पण त्यावर अख्ख्या बिल्डिंगची गर्दी. सरळ राउटरपासून टीव्हीपर्यंत लॅन केबल ओढा. आणि बऱ्याच टीव्हींचं लॅन पोर्टच १०० एमबीपीएसचं असतं, वायरीतून तीनशे घेणार कुठून?

डोंबिवलीकर: घरात बघा म्हणे! माझा टीव्ही पहिल्या दिवसापासून वायरीवर आहे. दुपारी झकास, रात्री नऊ वाजले की रडारड. फोन केला की एकच पालुपद, 'सर, राउटर रीस्टार्ट करा.'

आंबेगावकर: नऊ वाजता त्याच वायरीवर लॅपटॉप लावून स्पीड टेस्ट घ्या. आकडा पूर्ण आला तर टीव्हीच मंद. स्वस्त टीव्हीत स्टोरेज जेमतेम ८ जीबी, ॲप्सनी ते भरलं की सगळंच रखडतं. कॅशे, म्हणजे ॲप्सनी साठवलेला तात्पुरता डेटा, साफ करा, नको ती ॲप्स काढा.

डोंबिवलीकर: घेतली की. कंपनीच्याच सर्व्हरवर टेस्ट केली तर ९४. फास्ट डॉट कॉमवर, म्हणजे नेटफ्लिक्सच्याच टेस्टवर, ३. आता टीव्हीला दोष द्या!

वाकडवासी: मग कंपनी बदला असा सल्ला येईल. कशी बदलू? आमच्या बिल्डरने डक्ट, म्हणजे वायरी वर न्यायची बिल्डिंगमधली पोकळी, एकाच कंपनीला दिलाय. दुसऱ्याचा माणूस आला की वॉचमन गेटवरूनच परत पाठवतो. आईची मालिका रोज ऐन मोक्याला थांबते आणि कमिटी म्हणते, तक्रार ॲपवर टाका.

सोसायटी सेक्रेटरी: कमिटीला शिव्या घालणं सोपं आहे. आम्ही चार कंपन्यांना आत घेतलं होतं. गच्चीवर वायरींचं जाळं झालं, ड्रिल मारून वॉटरप्रूफिंग फोडलं, पावसाळ्यात वरच्या मजल्यावरच्यांच्या छतातून पाणी. तो खर्च कोणी दिला?

वाकडवासी: म्हणून सगळ्यांनी एकाच्या दावणीला बांधून घ्यायचं? डिपॉझिट घ्या, डक्टमधूनच वायर टाकायला लावा. बंदी हे उत्तर नव्हे.

कुडाळकर: तुमचा डक्टचा वाद चालू द्या. आमची फायबर खांबावरून येते, माडाची झावळ पडली की राउटरवर एलओएसचा, म्हणजे सिग्नल तुटल्याचा, लाल दिवा, आणि माणूस येईपर्यंत दोन दिवस. एक मात्र सांगतो. वीज जाऊन आल्यावर नेट चालू असून ॲप उघडेना, तर टीव्हीची तारीख बघा. काही टीव्हींचं घड्याळ मागे जातं आणि ॲप सर्व्हरशी जोडणी नाकारतं. तारीख लावली की चालू. शेजाऱ्यांकडे मेकॅनिक याच कामाचे पाचशे घेऊन गेला, अजून चीड येते.

आंबेगावकर: डोंबिवलीकर, वायरीवर फास्टचा आकडा ३ असेल तर दोष कंपनीचा, मानलं. पण तीनशेचा प्लॅन घेतलात तरी तो कंपनीकडून नेटफ्लिक्सकडे जाणाऱ्या त्याच तुंबलेल्या वाटेने येणार. माझा मुद्दा जागच्या जागी आहे.

डोंबिवलीकर: 'घरात बघा' हा मुद्दा होता. तो गेला. प्लॅन वाढवू नका, एवढंच मान्य.

सोसायटी सेक्रेटरी: वाकडवासी, डिपॉझिटचं सर्वसाधारण सभेच्या आधी लेखी द्या. विषयपत्रिकेवर घेतो. आणि सभेला याही.