मदत हवी आहे : एम८२ मधला निम्मा ऑक्सिजन जातो कुठे?

नमस्कार मंडळी,

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी धुळीने भरलेल्या दीर्घिकेतलं धातूंचं प्रमाण काढतोय. (खगोलवाल्यांच्या लेखी हायड्रोजन-हेलियम सोडून सगळेच धातू, ऑक्सिजनसुद्धा. घरी सांगितलं तर आई बघतच राहिली.)

आधी आर्प २२० ही दीर्घिका घेतली होती. तिथे वर्णपटातली ६३ मायक्रॉनची ऑक्सिजनची रेषा उंचवट्याऐवजी खड्डा होऊन आली, आणि धूळ इतकी दाट की दूर अवरक्त प्रकाशही धड बाहेर पडत नाही. मुकाट्याने सप्तर्षीतल्या एम८२ या दीर्घिकेवर आलो. अंतर सुमारे १ कोटी २० लाख प्रकाशवर्षं, रेषा ठसठशीत.

दृश्य प्रकाश टाळला तो नुसत्या धुळीमुळे नाही. ऑक्सिजनची ५००७ अँगस्ट्रॉमची हिरवी रेषा निघायला सुमारे २९,००० केल्विनइतकी ऊर्जा लागते आणि वायू असतो १०,००० च्या आसपास. तापमान जरा हललं की हिशोब कोलमडतो. ८८ मायक्रॉनच्या रेषेला १६३ केल्विन पुरतात, ५२ च्या रेषेला ४४१. तापमानाची कटकट नाही, वर दोघींच्या गुणोत्तरातून घनताही कळते.

म्हणून आयएसओ या अवरक्त अवकाश दुर्बिणीच्या एलडब्ल्यूएस उपकरणातून ५२ आणि ८८ घेतल्या, हायड्रोजनसाठी तिच्याच एसडब्ल्यूएस उपकरणातली ४.०५ मायक्रॉनची ब्रॅकेट-अल्फा रेषा. भागाकार केला तर ऑक्सिजन सूर्याच्या निम्म्याहून कमी! अपेक्षा साधारण सूर्याइतक्याची होती. सरांनी त्या आकड्याभोवती पेन्सिलने गोल काढून शेजारी नुसतं प्रश्नचिन्ह टाकलंय.

वाटलं, चौकटींचा घोळ असेल. एलडब्ल्यूएस साधारण ८० आर्कसेकंदांचा गोल बघतो, एसडब्ल्यूएस जेमतेम १४×२०. पण हायड्रोजन कमी धरला गेला तर उत्तर फुगायला हवं ना? इथे उलटंच. चुकतंय कुठे?

प्रतिसाद १
घोळ आहेच, पण चोर दुसराच. ५२ आणि ८८, दोन्ही रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनच्या. एकच गमावलेल्याला दूर अवरक्तात रेषाच नाही. एम८२ मधलं प्रारण सौम्य आहे, त्यामुळे बराचसा ऑक्सिजन त्याच अवस्थेत बसलाय आणि तुमच्या मोजणीत आलेलाच नाही. १२.८ (एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या निऑनची) आणि १५.६ (दोन गमावलेल्याची) मायक्रॉनच्या रेषा शेजारी ठेवून बघा, लगेच कळेल.

मी तर ऑक्सिजनच्या नादी न लागता निऑनच मोजेन. दोन्ही अवस्थांच्या रेषा एसडब्ल्यूएसमध्येच मिळतात, त्याही ब्रॅकेट-अल्फाच्या जवळपास तेवढ्याच चौकटीतून. निऑन आणि ऑक्सिजन दोन्ही जड ताऱ्यांत बनतात, म्हणून एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधता येतो. फक्त ४.०५ वरही धूळ थोडी आडवी येते, ती दुरुस्ती विसरू नका.

धागाकर्ता
बघितलं. १५.६ वाली १२.८ च्या पावपटही भरत नाही! रात्रीच निऑनला बसतो. धुळीची दुरुस्ती हायड्रोजनच्याच २.६३ च्या ब्रॅकेट-बीटाशी ताडून केली तर चालेल का?