मोटरहोमने रानात मुक्काम: आंघोळ गाडीत करावी की गाडीबाहेर?

वाटसरू

जिथे नळ नाही, विजेचं कनेक्शन नाही आणि सांडपाणी सोडायची सोय नाही, अशा जागी मोटरहोम (आत राहायची-झोपायची सोय असलेली गाडी) लावून दोन-चार दिवस राहायचं म्हटलं की जेवणाझोपेचं जमून जातं, अडतं ते आंघोळीपाशी. अशा वाइल्ड कॅम्पिंगच्या गप्पांत हल्ली एकच सल्ला ऐकू येतो: गाडीतल्या शॉवरमध्ये सामान भरा, पाणी उन्हात तापवायची काळी सोलर पिशवी झाडाला टांगा, ‘बायोडिग्रेडेबल’ साबण घ्या आणि मोकळ्यावर न्हा. मला हा सल्ला साफ अमान्य आहे. साबण लावायचा असेल तर आंघोळ गाडीतच व्हावी आणि सगळं पाणी सांडपाण्याच्या टाकीतच जावं, असं माझं ठाम मत आहे.

पाणी पुरत नाही, ही यावरची नेहमीची तक्रार. जरा हिशेब करू. मोटरहोमची स्वच्छ पाण्याची टाकी साधारण १०० लिटरची असते. घरचा शॉवर मिनिटाला ८-१० लिटर पाणी सोडतो, म्हणजे घरच्यासारखं दहा मिनिटं न्हायलं तर एकाच आंघोळीत टाकी तळाला जाते. पण आधी अंग ओलं करायचं, पाणी बंद, साबण, मग धुऊन काढायचं, ही जहाजावरची पद्धत धरली तर माणशी ६ ते १० लिटर भरपूर झाले. बऱ्याच गाड्यांतला बॉयलर १० लिटरचा असतो. ते पाणी ६० अंशांवर तापलं आणि त्यात १५ अंशांचं गार पाणी मिसळलं की ४० अंशांचं १८ लिटर ऊन पाणी मिळतं. दोघांची आंघोळ झाली! इंधनाचं म्हणाल तर १० लिटर पाणी १५ वरून ४० अंशांवर न्यायला साधारण ०.३ युनिट ऊर्जा लागते. थोडी उष्णता वाया गेली असं धरलं तरी गॅस ३० ग्रॅमच्या आसपास.

शॉवरच्या हातात धरायच्या भागावर चालू-बंदचं बटण असेल असा शॉवर बसवून घ्या. नळ फिरवून पाणी बंद केलं की दर वेळी गार-गरम पुन्हा जुळवावं लागतं आणि खरी नासाडी तिथेच होते. गरम पाणी येईपर्यंत जे गार पाणी आधी वाहतं, ते जगमध्ये धरा आणि भांड्यांना वापरा.

‘बायोडिग्रेडेबल’ या शब्दावर तर फारच भिस्त ठेवली जाते. हा साबण कुजतो तो मातीतल्या जिवाणूंमुळे, आणि त्याला वेळ लागतो. ओढ्यात किंवा तळ्यात थेट गेला तर बाकीच्या साबणासारखाच तोही माशांच्या कल्ल्यांना अपाय करतो.

रानपाखरू

वाटसरू, हिशेब चोख आहे, निष्कर्ष मात्र पटला नाही. ओढ्यात साबण घालू नये हे शंभर टक्के मान्य. पण पाण्यापासून निदान ६० मीटर लांब, चांगल्या मातीच्या जागी, पाच लिटर पाण्यात, नखाएवढ्या साबणाने आंघोळ केली आणि पाणी एका जागी न साचता पसरलं, तर नेमकं काय बिघडतं? मातीतच साबण कुजतो हे तुम्हीच लिहिलंय.

आता तुमच्या सांडपाण्याच्या टाकीचं पुढे काय होतं तेही बघा. ती ८०-९० लिटरची. दोघांच्या रोजच्या आंघोळी आणि भांडी धरली तर तीन-चार दिवसांत गच्च. मग ती रिकामी करायला अधिकृत जागा शोधायची, आणि ती जवळ नसली की लोक अंधारात रस्त्याकडेला व्हॉल्व्ह उघडतात. जिथे गाड्या नेहमी थांबतात तिथे गवतावर तो राखाडी चिकट पट्टा आणि आंबूस वास असतोच. तीन दिवस साठलेलं, तेलकट, सडकं ८० लिटर पाणी एका जागी ओतणं आणि पाच लिटर पाणी विस्तीर्ण मातीत पसरणं यातलं कमी वाईट काय, हे तुम्हीच सांगा.

शिवाय गाडीतली वाफ. थंडीत बंद गाडीत ऊन पाण्याने आंघोळ केली की खिडक्यांना पाणी, गादीखाली ओल, कपाटाच्या मागे बुरशी. हे सगळं दोन जणांच्या आठ मिनिटांसाठी.

वाटसरू

व्हॉल्व्ह उघडणारा माणूस चुकीचा आहे, त्यामुळे टाकी चुकीची ठरत नाही. जो टाकी भरल्यावर रस्त्यावर ओततो तो ६० मीटर चालत जाईल असं तुम्हाला खरंच वाटतं? मोकळ्यावरच्या आंघोळीत सगळी भिस्त माणसाच्या शहाणपणावर. शिवाय एका माणसाचे पाच लिटर माती पचवते हे ठीक, पण लोकप्रिय जागी हंगामात रोज सात-आठ गाड्या असतात आणि सगळ्यांना सोयीचं तेच एक झाड असतं.

वाफेचा मुद्दा खरा आहे. छताचं झडप आंघोळीच्या आधीच उघडायचं, नंतर नव्हे. भिंती लगेच वायपरने ओढून घ्यायच्या, ओला टॉवेल गाडीच्या आत वाळत घालायचा नाही. एवढं केलं की ओल राहत नाही.

आणि गाडी समपातळीत लावा! शॉवरच्या तळाला बऱ्याचदा एकाच कोपऱ्यात भोक असतं. गाडी दुसऱ्या बाजूला कलली असेल तर पाणी घोट्यापर्यंत साचतं आणि दाराच्या फटीतून बाहेर येतं. लोक पंपाला दोष देतात, चाकाखाली ठोकळा लावायचं मनात येत नाही.

खलाशी

दोघांचंही भांडण शॉवरवरच चाललंय. रोज शॉवर लागतोच कशाला? रोज सगळ्या अंगाला साबण लावायची गरज त्वचेला नसते, उलट ऊन पाणी आणि साबण मिळून तिचं तेल काढून टाकतात. वास येतो काखा, जांघा आणि पावलं इथून. कोमट पाण्याचं एक भांडं, दोन छोटे पंचे, एक साबणाचा, एक साध्या पाण्याचा. तोंडापासून सुरुवात, पावलं शेवटी. दोन लिटरच्या आत माणूस लख्ख. हॉस्पिटलात खाटेवरच्या रुग्णाला असंच स्वच्छ ठेवतात आणि ती स्वच्छता कोणी कमी दर्जाची मानत नाही.

ओल्या वाइप्सच्या वाटेला जाऊ नका. बऱ्याचशांत प्लास्टिकचे धागे असतात, ते मातीत कुजत नाहीत आणि टॉयलेटच्या कॅसेटमध्ये (मैल्याच्या काढता येणाऱ्या टाकीत) टाकले तर ती रिकामी करताना तोंडाशी अडकतात.

गवतफुला

खलाशी, पुसून घेणं एक-दोन दिवस चालतं, त्यापुढे ते सगळ्यांना चालेल असं गृहीत धरू नका. पाळी चालू असताना दोन लिटरचं भांडं आणि पंचा देऊन बघा कुणाला. त्या दिवसांत वाहतं पाणी लागतं, आडोसा लागतो आणि दाराला आतून कडी लागते. लांब दाट केसांचंही तेच. नुसत्या केसांतला शाम्पू नीट निघायला सात-आठ लिटर लागतात. ड्राय शाम्पू तेल शोषतो, घाम आणि धूळ काढत नाही.

रानपाखरू, तुमच्या पद्धतीवर माझा आक्षेप वेगळा आहे. बाई एकटी प्रवास करत असेल तर संधिप्रकाशात गाडीपासून ६० मीटर लांब, साबणाने डोळे मिटलेले, किल्ली कपड्यांच्या ढिगात, ही अवस्था मला मंजूर नाही. झाडाला पडदा बांधला तर इथे कोणीतरी आंघोळ करतंय हे लांबूनच कळतं. गाडीतला शॉवर लहान असेल, अडचणीचा असेल, पण तिथे मी निवांत असते. मोटरहोम घेताना मी आधी शॉवरमध्ये उभी राहून दोन्ही हात डोक्यावर नेता येतात का ते पाहिलं होतं, इंजिन नंतर.

रानपाखरू

सुरक्षिततेचा मुद्दा पूर्ण मान्य, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. मी सोबत कोणी असतानाच बाहेर न्हाते.

चाकावरचं_घर

मधला मार्ग सांगतो, कारण आमच्या छोट्या व्हॅनमध्ये शॉवर नाहीच. बागेत फवारणीला वापरतात तो हाताने दाब भरायचा ५ लिटरचा पंप घ्या. नवाच घ्या, औषध मारलेला जुना कितीही धुतला तरी अंगावर वापरायचा नाही. आधी साडेतीन लिटर गार पाणी भरा, मग दीड लिटर उकळतं. १५ अंशांचं गार पाणी असेल तर मिश्रण ४० अंशांच्या आसपास येतं. क्रम उलटा केला तर उकळत्या पाण्याने प्लास्टिक वाकतं आणि झाकणाची रबरी चकती ढिली पडते.

पंपाचं मूळ तोंड बदला. ते फार बारीक तुषार सोडतं आणि तुषार अंगावर पडेपर्यंत गार होतात. भांडी धुवायच्या नळाचं झारीसारखं तोंड बसवलं की धार ऊबदार लागते. उभं राहायला पसरट घमेलं. सगळं पाणी घमेल्यात, तिथून डब्यात. म्हणजे वाटसरूंची टाकीची अटही पाळली जाते आणि शॉवरची खोलीही लागत नाही. मागचे दोन दरवाजे उघडून मध्ये पडदा लावला की आडोसा होतो.

उनाड

मला या सगळ्यात एक हट्ट दिसतो, की रानात राहतोय तर आंघोळही रानातच झाली पाहिजे. का? जलतरण तलाव, व्यायामशाळा, मरिना (नौका लावायची बंदरं), ट्रकवाल्यांचे थांबे, सगळीकडे पैसे भरून भरपूर गरम पाण्याचा शॉवर मिळतो. तीन-चार रात्री बाहेर काढायच्या आणि एक रात्र रीतसर कॅम्पसाइटवर. तिथे आंघोळ, कपडे, टाकी भरणं, सांडपाणी आणि टॉयलेट रिकामं करणं, एका फेरीत सगळं उरकतं. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो वजन. युरोपात साध्या लायसन्सवर चालवायच्या मोटरहोमना ३,५०० किलोची मर्यादा असते, आणि सामान भरल्यावर त्यातले शंभर किलो फार जड जातात. आंघोळीसाठी ते का वाहायचे?

खलाशी

समुद्रकिनाऱ्यावरचे उघडे शॉवरही असतात, पण ते वाळू धुवायला. तिथे शाम्पू काढून बसणारे लोक पाहिले की चीड येते. ते पाणी बऱ्याच ठिकाणी सरळ वाळूत आणि समुद्रात जातं.

वाटसरू

उनाड, तलाव आणि कॅम्पसाइट जवळ असतील तर जरूर जावं. पण आंघोळीसाठी जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर गाडी हाकायची तर ३० ग्रॅम गॅस वाचवून लिटरांनी डिझेल जाळलं. आणि चांगली जागा सोडून गेलात की परत येईपर्यंत ती गेलेली असते.

दूरदेशी

सोलर पिशवीबद्दल कोणी एक गोष्ट लिहिली नाही. पाणी २० ते ४५ अंशांत साचून राहिलं की त्यात लिजिओनेला जिवाणू वाढू शकतात आणि शॉवरचे तुषार श्वासातून आत गेले की फुप्फुसांचा गंभीर आजार होऊ शकतो. काळी पिशवी चार दिवस उन्हात तशीच भरलेली ठेवणं म्हणजे नेमकं हेच तापमान. ज्या दिवशी भरली त्या दिवशी वापरा, उरलेलं ओता, नळी उघडून वाळवा. बरेच दिवस बंद असलेल्या बॉयलरलाही हेच लागू. आधी ६० अंशांवर तापवून पाणी सोडून द्या, मग वापरा.

२० लिटरची पिशवी टांगायचीही नसते. २० किलो वजन डोक्यावर आणि फांदी किती जुनी कोण जाणे. १० लिटरची पुरते. कडक उन्हात पाणी अंग भाजेल इतकं तापू शकतं, लहान मुलांवर सोडण्याआधी हाताने बघा.

थंडीतलं वेगळंच. कित्येक बॉयलरना गोठण्यापासून वाचवणारा व्हॉल्व्ह असतो. पाणी गोठून बॉयलर फुटू नये म्हणून तापमान सुमारे ३ अंशांवर आलं की तो आपोआप उघडतो आणि बॉयलरमधलं सगळं पाणी गाडीखाली वाहून जातं. रात्री हीटर बंद करून झोपलात तर सकाळी आंघोळीचं पाणी जमिनीवर. आणि सिलिंडर ब्युटेनचं असेल तर शून्य अंशांच्या आसपास त्याचा गॅस होणंच थांबतं. हिवाळ्यात प्रोपेन लागतो.

उनाड

आणि साबणच नको, नुसती नदीत डुबकी मारायची असेल तर? त्यालाही वाटसरूंची हरकत आहे का?

वाटसरू

अंगावर सनस्क्रीन आणि डास पळवायचं क्रीम नसेल तर हरकत नाही. ते असेल तर साबण लावला नाही म्हणून पाणी स्वच्छ राहिलं असं होत नाही. आधी गाडीत पुसून काढा, मग उतरा. पाणी १५ अंशांपेक्षा गार असेल तर उडी मारू नका. अंगाला अचानक गार पाणी लागलं की श्वास एकदम आत ओढला जातो, तोंड पाण्याखाली असेल तर बुडायला तेवढं पुरतं. हळूहळू शिरा, पोहता येत असलं तरीही.

रानपाखरू

इतकं सगळं वाचून माझं मत थोडं सरकलं, पूर्ण नाही. शाम्पू आणि पाळीचे दिवस गाडीत किंवा चाकावरचं_घर यांच्या घमेल्यात, हे मान्य. नेहमीच्या वर्दळीच्या जागीही बाहेर साबण नको, तुमचं ते सात-आठ गाड्या आणि एका झाडाचं म्हणणं बरोबर आहे. पण दिवसभर चालून आल्यावर, आसपास कोणी नसताना, पाण्यापासून लांब, साध्या पाच लिटर पाण्याने मोकळ्यावर न्हायला मला कोणी चुकीचं म्हणू नये. साबणाविना तर नाहीच नाही.

वाटसरू

साबणाविना असेल तर माझा काहीच आक्षेप नाही. साबणासकट असेल तर घमेलं ठेवा. ते पाणी टाकीत ओतायला तुम्हाला अडचण काय आहे, हे मला अजून कळलेलं नाही.

रानपाखरू

अडचण एवढीच की टाकी रिकामी करायच्या जागा पुरेशा नाहीत. रानात आंघोळ कशी करावी यावर इतकं लिहिलं जातं, त्याच्या निम्म्याने जरी सांडपाणी रिकामं करायच्या सोयी मागितल्या, तर मी उद्यापासून शेवटचा थेंब टाकीत ओतेन.