बटरचं तळं ओव्हनच्या आधीच होतं

पॅं ओ शोकोला (आत चॉकलेट असलेले, यीस्टने फुगवलेले पदरदार फ्रेंच पाव) भाजताना बटर ट्रेमध्ये का वाहतं, असा प्रश्न आहे. बटर वाहिलं म्हणजे ओव्हन नीट तापला नव्हता, असं वर दोघांनी म्हटलंय. तेही होतं, पण आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये घोटाळा बहुतेक वेळा आधीच झालेला असतो. मैद्याच्या पिठात बटरचा थर ठेवून घड्या घालून, चॉकलेट गुंडाळून पॅं ओ शोकोला फुगायला ठेवतो ना, तेव्हा. पाव करायच्या सवयीने आपण ट्रे उबदार जागा बघून ठेवतो. बटर पूर्ण वितळतं ३२ ते ३५ अंशांना, पण २७ च्या पुढेच ते इतकं मऊ पडतं की मैद्याच्या पदरांत मुरायला लागतं. मग पदर एकमेकांना चिकटतात, आत नुसती पावाची जाळी. मी एसी २४-२५ वर लावून त्या खोलीत दोन-अडीच तास ठेवते. ट्रे हलवल्यावर पाव जेलीसारखे थरथरले आणि कापलेल्या कडेला पदरांच्या रेघा सुट्या दिसल्या, की ओव्हनमध्ये.

मग बेकरीवाल्यांची खारी भर उन्हाळ्यात कशी जमते, हा प्रश्नही वर आलाय. एक तर खारीत यीस्ट नसतं, त्यामुळे फुगवायची भानगडच नाही. शिवाय बहुतेक ठिकाणी त्यात बटर नसून मार्जरीन किंवा वनस्पती तूप असतं, ते बटरपेक्षा जास्त तापमानाला वितळतं. लाटायला एकदम सोपं. चहाबरोबर खाल्ल्यावर टाळूला जो मेणचट थर बसतो, तो त्याचाच.